बेसमेंटच्या खड्ड्यातलं पाणी: काँक्रीट ओतण्याआधी एवढं बघा

नमस्कार. तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो, काही चुकलं असेल तर सांगा. बाणेरच्या टेकडीच्या उतारावर तुमची इमारत, ताबा मिळून चार वर्षं होत आली. खाली बेसमेंट पार्किंग आणि त्याच्या सगळ्यांत सखल कोपऱ्यात चार बाय चार फुटांचा, सहा फूट खोल खड्डा. त्यात दोन फूट पाणी कायम असतं, आता फेब्रुवारीतसुद्धा. पंप आहे, चालतोही, पण पाणी हटत नाही. डास झालेत आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाची नोटीस आली आहे. कमिटीत एक गट म्हणतोय खड्डा काँक्रीटनं बुजवून टाका. प्लंबर म्हणतोय तळाला भोक पाडा, पाणी जमिनीत जिरून जाईल. यातलं काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही करू नका. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बेसमेंटमध्ये पाण्यामागे फिरताना मला सत्तावीस वर्षं झाली, आणि सर्वांत महाग पडलेली दुरुस्ती कुठली असं विचारलंत, तर ती घाईनं बुजवलेल्या खड्ड्यांचीच.

त्यातला एक मी स्वतः बुजवला होता. वीसेक वर्षांपूर्वी कोथरूडच्या एका सोसायटीत कमिटीच्या आग्रहाला मी मान दिला. एप्रिल महिना होता, खड्डा कोरडा ठणठणीत. काँक्रीट भरून वर फरशी सारखी करून दिली. जुलैत एका पहाटे वॉचमनचा फोन आला. दोन खांबांच्या मधली फरशी फुगून तडकली होती, फटींतून पाणी वर येत होतं आणि लिफ्टच्या खड्ड्यात गुडघाभर पाणी साठलं होतं. लिफ्ट आठ दिवस बंद राहिली. चौथ्या मजल्यावरच्या एका आजींना डायलिसिससाठी खुर्चीत बसवून जिन्यानं खाली आणावं लागायचं. तेव्हापासून पाणी कुठून येतंय हे कळल्याशिवाय मी खड्ड्याला हात लावत नाही.

फरशी का फुगली, ते सांगतो, कारण तुमच्या कमिटीला हे पटवावं लागेल. आपल्याकडे कठीण खडक लवकर लागतो, त्यामुळे अनेक इमारतींचे खांब स्वतंत्र पायांवर खडकात उभे असतात. मधली बेसमेंटची फरशी हा नुसता पाच-सहा इंच जाडीचा काँक्रीटचा थर असतो, खांबांना घट्ट बांधलेला नसतो. सहा इंच काँक्रीटचं वजन दर चौरस मीटरला साधारण ३६० किलो. पाण्याचा दाब मात्र उंचीच्या हिशेबानं वाढतो: एक मीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक टन. म्हणजे फरशीच्या खालच्या अंगापासून ३६ सेंटिमीटर, जेमतेम सव्वा फूट पाणी बाहेरच्या बाजूला चढलं, की ते फरशीचं सगळं वजन उचलू शकतं. खड्डा उघडा असतो तेव्हा हे पाणी त्यात उतरतं, पंप ते बाहेर टाकतो आणि खालचा दाब वाढत नाही. तुमच्याकडे खांबांना जोडलेला जाड सळईचा राफ्ट, म्हणजे सगळ्या इमारतीखालचा एकसंध पाया, असेल तर गणित वेगळं होईल. ते स्ट्रक्चरल नकाशात दिसेल, नकाशा काढून ठेवा.

भोक पाडण्याचंही तेच. जमिनीतलं पाणी खड्ड्याच्या तळापेक्षा खाली असेल तोवरच भोकातून पाणी जिरेल. जुलैत ती पातळी वर आली की त्याच भोकातून पाणी उपळायला लागेल, आणि फोडताना सळया कापल्या जातील ते वेगळंच.

आता जागेविषयी. आपला खडक बेसाल्ट. तो स्वतः पाणी शोषत नाही, पाणी फिरतं ते त्याच्या भेगांतून, वरच्या मुरमातून आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या सांध्यांतून. बिल्डर बेसमेंटसाठी खडक फोडतो तेव्हा खडकात एक मोठं भांडं तयार होतं. त्यात भिंत उभी राहते आणि भिंत व खडक यांच्यामधली दोन-चार फुटांची फट मातीनं, राडारोड्यानं भरली जाते. तो भराव भुसभुशीत असतो. टेकडीवरून येणारं पाणी त्यात उतरतं, पण खडकाच्या भांड्यातून बाहेर पडायला त्याला वाट नसते. म्हणून पाऊस थांबल्यावरही दिवाळीपर्यंत, कधी डिसेंबरपर्यंत बेसमेंटमध्ये पाझर राहतो. नंतर तो ओसरत जातो.

इथंच तुमच्या प्रश्नातला मला महत्त्वाचा वाटलेला शब्द येतो: फेब्रुवारी. फेब्रुवारीत भूजल उतरणीला लागलेलं असतं. तेव्हाही पाणी येत असेल तर जिवंत झरा लागलेला असेल, किंवा माणसानं आणलेलं पाणी कुठूनतरी गळत असेल. माझा पहिला संशय जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीवर जाईल. पण तो संशयच, आणि त्याआधी एक साधी गोष्ट तपासायची आहे.

पाणी खरंच येतंय का?

खड्ड्यातला पंप तळापर्यंत पाणी ओढत नाही. सबमर्सिबल पंपाची मोटर भोवतीच्या पाण्यानं थंड राहते, म्हणून तो पूर्ण उघडा पडण्याआधी बंद व्हावा लागतो. खाली आठ-दहा इंच पाणी राहणं हा दोष नाही. तुमच्याकडे दोन फूट राहतं, याचा अर्थ फ्लोटची, म्हणजे पाण्याबरोबर वर-खाली होऊन पंप चालू-बंद करणाऱ्या तरंगत्या स्विचची, वायर लांब सोडली असेल, फ्लोट पाइपाला अडकत असेल किंवा पंप विटांवर उंच बसवला असेल. अशा वेळी तेच जुनं पाणी महिनोन्‌महिने तिथं पडून असू शकतं, नवीन काहीच येत नसतं. फ्लोट खाली घेतला की अर्धा प्रश्न एका दुपारी सुटतो. दहापैकी दोन-तीन ठिकाणी मला एवढंच निघालेलं आहे.

दुसरी शक्यता परत येणाऱ्या पाण्याची. पंपाच्या पाइपावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. त्याच्या झडपेत खडा अडकला की पंप बंद होताच पाइपातलं पाणी उलटं खड्ड्यात पडतं. दोन इंची पाइपात मीटरला दोन लिटर पाणी मावतं, म्हणजे १५ मीटर पाइप असेल तर ३० लिटर. तुमच्या खड्ड्यात एक इंच पाणी म्हणजे साधारण ३८ लिटर. तेव्हा पंप थांबल्यावर पाणी झटकन पाऊण इंच चढलं आणि तिथंच थांबलं, तर व्हॉल्व्ह काढून साफ करा. पंप दर थोड्या वेळानं उगाच सुरू-बंद होतो त्याचं कारणही बहुतेक वेळा हेच असतं.

हे दोन्ही नसेल, तर पाणी खरंच येतंय. मग ते मोजायचं. पंपाचा स्विच बंद करा, खड्ड्याच्या भिंतीवर वरून दिसेल अशी पातळीची खूण करा, किंवा इंचाच्या खुणा केलेली एक पीव्हीसी पट्टी उभी लावा. दर दोन तासांनी आकडा लिहा, रात्रीचाही. वॉचमनला वही द्या, वेळ आणि इंच एवढंच लिहायचं. चोवीस तासांत सहा इंच चढलं तर सव्वादोनशे लिटरच्या आसपास पाणी आलं. पाणी फार वेगानं चढत असेल तर अर्थातच पंप सुरू करा.

वहीतल्या आकड्यांची चाल बरंच सांगून जाते. पाणी फक्त सकाळी ठरावीक तासांत चढत असेल आणि त्याच वेळी महापालिकेचं पाणी येत असेल, तर येणाऱ्या लाइनीत गळती आहे किंवा टाकी भरून ओव्हरफ्लो भरावात जातोय. सकाळी-संध्याकाळी वापराच्या वेळी चढत असेल तर सांडपाण्याची लाइन बघा. रविवारी गाड्या धुतल्यावर चढत असेल तर उत्तर तुमच्या डोळ्यांसमोर आहे. दिवसरात्र एकाच संथ गतीनं चढत असेल तर टाकीच्या भिंतीतली गळती किंवा झरा. आणि पाणी चढत जाऊन एका विशिष्ट उंचीला आपोआप थांबत असेल, रोज त्याच उंचीला, तर ती बहुधा जमिनीतल्या पाण्याची पातळी आहे. खड्डा तुम्हाला विहिरीसारखी ती दाखवतोय.

मग पाण्याची ओळख पटवायची. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो. नळाचं, टँकरचं, बोअरचं आणि खड्ड्याचं अशा चारही पाण्यांचे आकडे शेजारी शेजारी लिहा. खड्ड्याचा आकडा कशाच्या जवळ जातोय ते बघा. पश्चिम पुण्यात टँकर बरेच येतात आणि त्यांचं पाणी बहुधा बोअरचंच असतं. तुमच्या टाकीत टँकर आणि नळ दोन्ही मिसळत असतील तर टाकीतला त्या दिवसाचा आकडा घ्या. दुसरी चाचणी क्लोरीनची, ज्याला ग्रामपंचायतीत ओटी टेस्ट म्हणतात. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर ते बहुधा क्लोरीन घातलेलं, म्हणजे नळाचं किंवा टाकीचं पाणी आहे. पिवळं झालं नाही, तर मात्र त्यावरून काहीच ठरवू नका. मुरमातून झिरपताना क्लोरीन उडून जातो आणि क्षारही वाढतात. या एका गोष्टीवर मी पूर्वी फसलोय: चाचणी कोरी आली म्हणून झरा समजून बसलो आणि गळत होती टाकीच.

म्हणून टाकीची स्वतंत्र परीक्षा घ्याच. रात्री अकरा ते पहाटे पाच येणारी चावी बंद, वर चढवणारी मोटर बंद, आणि टाकीतल्या पातळीची खूण. टाकी चार मीटर बाय तीन मीटर असेल तर एक सेंटिमीटर उतार म्हणजे १२० लिटर पाणी गेलं. टाकीला दोन कप्पे असतील तर एक-एक कप्पा वेगळा तपासा. टाकी खड्ड्याच्याच बाजूला आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर ही परीक्षा सगळ्यांत आधी.

सांडपाण्याचा संशय असेल तर संडासाच्या चेंबरमध्ये रंग सोडा. फ्लोरेसिनचा हिरवा रंग प्लंबिंगच्या मोठ्या दुकानांत मागवून मिळतो. खड्ड्यात हिरवी झाक दिसायला काही तास लागतात, कधी दुसरा दिवस उजाडतो, तेव्हा तासाभरात काही दिसलं नाही म्हणून निकाल देऊ नका.

या सगळ्यात एक गोष्ट हात जोडून सांगतो. कुणालाही खड्ड्यात उतरवू नका. सहा फूटच तर आहे, असं वाटतं. पण झाकलेल्या, साचलेल्या खड्ड्यात हायड्रोजन सल्फाइड साठू शकतो. सुरुवातीला त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो, प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटून माणूस खाली वाकतो. एक खाली कोसळला की दुसरा त्याला काढायला उतरतो, आणि दोघेही जातात. माणसाला सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तुमच्या खड्ड्यात नुसता झरा असला तरी विषारी वायूला तो फरक कळत नाही. गाळ वरून सक्शन मशीननं काढा. पेट्रोलवर चालणारा पंप बेसमेंटमध्ये कधीच लावू नका, त्याचा धूर बंद जागेत जीव घेतो. पाण्यात हात किंवा काठी घालण्याआधी पंपाचा एमसीबी पाडा, आणि त्या लाइनीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. नसेल तर बाकी सगळ्याआधी तो बसवा.

नोटीस आली आहे, म्हणून डासांचं आजपासूनच करा, बाकी शोध चालू राहील. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आपल्या हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस खड्डा शक्य तितका उपसायचा. पण ही अंडी पाण्याच्या वरच्या कडेला भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. नुसतं उपसून भागत नाही. लांब दांड्याच्या ब्रशनं वरूनच भिंती घासा. झाकणाच्या फटींना आणि हवेच्या पाइपाला बारीक जाळी लावा. अळीनाशक महापालिकेच्या माणसाकडून टाकून घ्या. जळकं ऑइल ओतायचा सल्ला हमखास मिळेल, तो ऐकू नका. त्यानं पंपाचे रबरी सील आणि केबल खराब होतात, आणि ते ऑइल शेवटी नाल्यातून राम नदीत जातं.

आता कारण सापडल्यावर काय करायचं ते.

टाकी किंवा नळाची गळती निघाली, तर तुम्ही सुटलात. टाकी रिकामी करून आतून वॉटरप्रूफिंग, ओव्हरफ्लोचा पाइप भरावात सोडलेला असेल तर तो बाहेर दिसेल असा काढायचा, आणि दोन आठवडे वहीत आकडे लिहून खात्री करायची. चेंबर फुटलेलं असेल तर तेही तसंच, फक्त दुरुस्तीनंतर खड्डा निर्जंतुक करून घ्या. रॅम्पवरून पावसाचं पाणी येत असेल तर रॅम्पच्या वरच्या तोंडाशी चार इंचांचा उंचवटा आणि खाली जाळीची आडवी नाली एवढ्यानं बराच फरक पडतो.

भिंत आणि फरशीच्या सांध्यातून पाझर असेल तर बिल्डरचा माणूस बहुधा पीयू ग्राउटिंग, म्हणजे भोकं पाडून फटींत पॉलियुरेथेन रसायन दाबानं भरणं, सुचवेल. ते चांगलं काम आहे, पण योग्य वेळी. ही रसायनं पाण्याशी संयोग होऊन फुगतात, म्हणून गळती चालू असतानाच ती खरी वाट शोधतात. कोरड्या मे महिन्यात भोकं पाडून भरलेलं ग्राउट जुलैत निकामी ठरल्याचं मी पुष्कळ पाहिलंय. उलट बाहेरून भराव उकरून भिंतीला करायचं वॉटरप्रूफिंग उन्हाळ्यातच व्हायला हवं. आणि आतून एक फट बंद केली की पाणी पुढच्या फटीला जातं, तेव्हा ‘एवढं केलं की कायमचं बंद’ अशी हमी कुणी देत असेल तर ती लेखी मागा. बांधतानाच शहाबादी फरशीचं बॉक्स वॉटरप्रूफिंग केलं होतं का, हेही विचारा. ते तळाखाली आणि भिंतीबाहेर असतं, नंतर करता येत नाही.

आणि जिवंत झरा निघाला, तर त्याच्याशी भांडू नका. त्याला वाट द्या. खड्डा राहू द्या, त्यात दोन पंप ठेवा, आळीपाळीनं चालणारे, म्हणजे एक बिघडला तरी दुसरा असतो आणि दोन्ही गंजून अडकत नाहीत. पाणी ठरावीक उंचीवर गेलं की वॉचमनच्या खोलीत वाजणारा भोंगा बसवा. पंप जनरेटरच्या लाइनीवर घ्या, कारण सगळ्यांत जोराचा पाऊस आणि वीज जाणं एकाच रात्री होतं. २५ सप्टेंबर २०१९ ला पुण्यातल्या आंबिल ओढ्याला पूर आला, त्यानंतर मी ज्या बेसमेंटमध्ये गेलो तिथं पंप होते, त्यांना वीज नव्हती. उपसलेलं पाणी पावसाळी गटारात सोडा, ड्रेनेजच्या लाइनीत नको. त्याहून बरं म्हणजे एका टाकीत घेऊन बागेला, गाड्यांना, तपासून घेऊन फ्लशला वापरा. दिवसाला पाचशे लिटर पाणी आपणहून येत असेल आणि तुम्ही मार्चपासून टँकरचे पैसे मोजत असाल, तर तो खड्डा तुमच्या उपयोगाचा आहे.

शेवटचं, आणि याला तारीख आहे. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष कळवला, तर बिल्डरनं तो तीस दिवसांत, वेगळे पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. तुमची चार वर्षं होत आली. टाकीची गळती किंवा सांध्यातला पाझर निघाला तर तो यात मांडता येईल. झरा निघाला तर वाद होऊ शकतो, तरी पत्र द्याच. स्पीड पोस्टानं, वहीतल्या आकड्यांच्या आणि फोटोंच्या प्रतींसह. आणि त्याआधी कमिटीला खड्ड्यात काँक्रीट ओतू देऊ नका, नाहीतर बिल्डर म्हणेल बदल तुम्हीच केलात.

आठ दिवसांची वही, चार पाण्यांचे टीडीएस, टाकीचा रात्रीचा उतार, आणि लिफ्टच्या खड्ड्यात ओल आहे का, एवढं मला कळवा. टाकी खड्ड्यापासून किती फुटांवर आहे तेही. शोध कुठून सुरू करायचा ते त्यावरून बऱ्यापैकी सांगता येईल.